मोहाच्या तीन फुलांचं लटकन

ईरा, मागच्या महिन्यात फोनवर तू मला तुझी नवी बॅग दाखवलीस आणि म्हणालीस, "आजी, हिला अडकवायला काहीतरी छोटंसं विणून दे ना. इथे सगळ्यांच्या बॅगांना असतं." नील मागून ओरडला, "आजी, पिझ्झा विण." मी हसले, हो म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर ही वही काढली. तुम्हाला मी टोप्या विणून पाठवल्या, मोजे पाठवले, तुमच्या आईला टेबलावरचे रुमाल दिले. बॅगेला अडकवायचं लटकन मात्र मी आयुष्यात कधी विणलेलं नाही. आतापर्यंतच्या या वहीत मी सगळं क्रमानं लिहीत आले, माझा स्वभावच तसा आहे. हे प्रकरण मध्येच घुसतं आहे. घुसू दे. पुढे ढकललं तर ते राहूनच जाईल, आणि आता माझ्यापाशी राहू देण्याइतका वेळ नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, खांडबाऱ्याच्या स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. फलाटाच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मागे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे मोहाचं एक मोठं झाड. स्टेशनची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की माय, माझी आई, चुलीपासून न उठता सांगायची, गाडी सुरतेकडून येते आहे की भुसावळकडून. मालगाडी गेली की फळीवरचे पितळी डबे थरथरायचे आणि मधला एक डबा हळूहळू पुढे सरकायचा. तो मागे ढकलणं हे माझं काम. आम्ही मूळचे रनाळ्याचे, त्यामुळे घरात अहिराणी. दादा अंगात कोट चढवला की मराठी बोलायचे आणि कोट खुंटीला टांगला की पुन्हा अहिराणी. मी नंदुरबारला मुलींच्या शाळेत होते, तिथल्याच बोर्डिंगात राहायचे आणि शनिवारी दुपारच्या पॅसेंजरनं घरी यायचे. नंदुरबार सोडताना रुळाच्या कडेला मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या असायच्या. सगळा डबा शिंकत शिंकत गावाबाहेर पडायचा. घरी शनिवारी संध्याकाळी कढी आणि फुनके ठरलेले. तुरीच्या डाळीचे वाफवलेले ते गोळे कढीत कुस्करताना मला बोर्डिंगातली पातळ आमटी आठवायची आणि मी आणखी दोन मागून घ्यायचे.

"मेमसाहेब उनी," दारात मला पाहून आक्का म्हणायची. "हात धवा मेमसाहेब, कढी थंडी व्हई ऱ्हायनी."

आक्का माझी मोठी बहीण. तिचं नाव सुमन. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, रंगानं माझ्याहून उजळ आणि हाताची डावखुरी. ती लहान असताना दादांची नेमणूक दुसऱ्या एका आडबाजूच्या स्टेशनवर होती. तिथल्या शाळेतल्या मास्तरांनी तिचा डावा हात दप्तराच्या बंदानं बाकाला बांधायला सुरुवात केली, उजव्यानं लिहावं म्हणून. उजव्या हातानं तिचं अक्षर किड्यासारखं यायचं आणि त्याबद्दल पुन्हा मार. तिसरीच्या मध्यावर तिनं एक दिवस पाटी चुलीमागे ठेवली आणि परत काढली नाही. कुणी तिला जा म्हटलं नाही. मायला दम लागायचा, घरात हात हवाच होता. मायनं तिला उजव्या हातानं जेवायला, वाढायला, पाहुण्यांपुढे पाण्याचं भांडं धरायला शिकवलं. हातावर पळीचा फटका देऊन शिकवलं. पण दुपारची भांडी झाली की म्हणायची, "जेवाना हात उजवा. कामना हात तुन्हा तू देख." तेवढी मोकळीक आक्काला पुरायची.

तिची क्रोशाची सुई म्हणजे सायकलच्या चाकाची तार. दादांनी ती दगडावर घासून तिच्या टोकाला खाच पाडून दिली होती. दोरा विकतचा नसायचा. मालधक्क्यावर साखरेची आणि मैद्याची पोती यायची, त्यांच्या तोंडाची शिवण पांढऱ्या सुती दोऱ्याची. हमाल पोती उघडताना तो दोरा ओढून फेकायचे. आक्का तो गोळा करायची, सोड्यात उकळायची, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून वाळवायची. उकळूनही तो पुरता पांढरा होत नसे, सायीसारखा पिवळट राहायचा. त्या दोऱ्यातून तिनं काय काय केलं. मडक्यावरची जाळी, दादांच्या कंदिलाखालचं आसन, मायच्या चोळीच्या बाह्यांची कड. शिकवलं तिला कुणी? बाजूच्या क्वार्टरमधल्या एका गुजराती बाईनं चार दुपारी. त्यानंतर ती बाई बदलून गेली आणि आक्का पुढचं स्वतःच शोधत गेली.

मला ती शिकवायला बसली ती समोर बसवून. "शेजारले नको. आठे, मन्हा समोर बठ. आरसामा देखस तशी. मन्हा डावा ते तुन्हा उजवा." मी साखळी घालायला शिकले आणि तिथेच थांबले. माझी साखळी एक सैल, एक घट्ट अशी व्हायची. आक्का ती दोन बोटांत धरून म्हणायची, "हाई साखळी नई व कुमी, गांडूळ शे." मी चिडायचे. मला इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं पाठ करायला आवडायचं, टाके मोजायला नाही. पण शाळेत हस्तकलेचा तास होता, त्याचे गुण होते, आणि माझी फी माफ होती ती सगळ्या विषयांत पास होण्याच्या अटीवर. नादारी म्हणत तिला. एक विषय गेला की नादारी गेली, आणि नादारी गेली की मी चुलीशी. मग आक्काच म्हणाली, "आन आठे, मी करी देस." तेव्हापासून माझ्या रुमालांच्या कडा, माझे टेबलक्लॉथ, सगळं तिनं केलं. मी शनिवारी अर्धवट काम घरी आणायचे आणि सोमवारी पहाटे पुरं झालेलं घेऊन जायचे. आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. ती माझं विणायची, मी तिला इंग्रजी धड्यातल्या गोष्टी सांगायचे.

ते लटकन तिनं केलं मोह पडण्याच्या दिवसांत. पहाटे झाडाखाली फुलं पडायची आणि गावित-कोकणी आदिवासी बाया टोपल्या घेऊन वेचायला यायच्या. त्यांच्या बोलण्यानं आणि त्या गोड आंबूस वासानं आम्ही जागे व्हायचो. बोर्डिंगात सगळ्या मुलींच्या पिशव्या एकाच खाकी कापडाच्या होत्या आणि माझी दोनदा दुसरीच्या पिशवीशी बदलली गेली होती. आक्कानं ते मनात ठेवलं. एका शनिवारी तिनं माझ्या पिशवीच्या बंदाला तीन मोहाची फुलं अडकवली. बोटाच्या पेराएवढी, फुगीर, पोकळ, खाली तोंड केलेली. पोत्याच्या दोऱ्याचा तो पिवळट रंग अगदी मोहाचाच होता. देठाला तिनं शेमटाच्या झाडाच्या सालीत रंगवलेला तपकिरी दोरा घेतला होता. तिन्ही फुलं एका लांबीची नव्हती. मी विचारलं, हे एक वाकडं का?

"हाई पडेल फूल शे," ती म्हणाली. "पडेल फूल सरळ कसं ऱ्हाई?"

आता पुढचं लिहिते. इथे मी दोनदा पेन ठेवलं.

आमच्या हस्तकलेच्या बाईंचं नाव एस्तेरबाई. नवापूरकडच्या होत्या, पांढरं पातळ नेसायच्या आणि फार कमी बोलायच्या. एकदा तास संपल्यावर त्या माझ्या बाकाशी थांबल्या, पिशवीचं लटकन हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. एका फुलाच्या आत त्यांनी करंगळी घातली. मग विचारलं, "कुणी केलं हे?"

मी म्हणाले, "मी."

का म्हणाले, याची कारणं मी इतक्या वर्षांत बरीच जमवली आहेत. आक्कानं केलं म्हटलं असतं तर आधीच्या कडा आणि टेबलक्लॉथही उघडे पडले असते, नादारी गेली असती. हे खरं आहे. पण तुम्हाला खरं सांगायचं तर त्या क्षणी मला नादारी आठवली नाही. शाळेतल्या मुली मला "खांडबारा पॅसेंजर" म्हणायच्या. त्या मुली दारात उभ्या होत्या, ऐकत होत्या, आणि एस्तेरबाईंनी आजवर कुणाची वस्तू इतका वेळ हातात धरली नव्हती.

पुढच्या रविवारी एस्तेरबाई खांडबाऱ्याला आल्या. गाडीतून उतरून थेट आमच्याकडे. दादांनी घरातल्या घरात कोट चढवला. मायनं कढीचं पातेलं उतरवून चहाचं आधण ठेवलं. मी खाटेच्या कडेला बसले, आणि पिशवी माझ्या पायाशी होती. बाईंनी सांगितलं ते असं: धुळ्याला हस्तकलेच्या शिक्षिका तयार करण्याचा एक वर्ग आहे, दोन वर्षांचा, राहणं-जेवण तिथेच. त्यांना एक मुलगी पाठवायला सांगितलं आहे. फार शिक्षण नको, वाचता आलं की पुरे. पुढे शाळेत नोकरी. "अशी मुलगी मला बारा वर्षांत मिळाली नव्हती," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

दादा म्हणाले, "आमची कुमुद इंग्रजी शिकते आहे, बाई. तिला सुईदोऱ्यात कशाला गुंतवायचं?"

"मलाही एकदा खात्री करून घ्यायची आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून दोऱ्याची गुंडी आणि सुई काढली. "कुमुद, एक गोल घालून दाखव. नुसता एक."

मी उठले नाही. तेवढ्यात आक्का पाण्याचे पेले घेऊन आत आली आणि मधेच उभी राहिली.

"तिना हात भाजेल शे, बाई. काल तवावर."

मी माझा चांगला हात झग्याच्या घेरात गुंडाळून घेतला. मायनं आक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाईंनी सुई परत ठेवली. त्यांनी माझ्या पिशवीवरून लटकन सोडवून घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि एका फुलाच्या कडेवरून नख फिरवत म्हणाल्या, "उजव्या हातानं विणलं की गोल घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. हा काट्यांबरोबर फिरतोय. तिन्ही फुलांत."

बाहेर घंटा झाली. बाईंनी आक्काकडे पाहून विचारलं, "आणि तू? तुला येतं का विणायला?"

आक्का पेले वाटत होती. उजव्या हातानं, मायनं शिकवलं होतं तसं, नीट. ती म्हणाली, "माले नई येत, बाई. मी शिकेल नई शे."

माय घाईनं म्हणाली, "घर तीच देखस. तिनाबिगर मन्हं काही चालत नई."

बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी रिकामा पेला पुढे केला. आक्का तोवर दुसरीकडे वळली होती. ती मागे फिरली आणि पेला घेतला तो डाव्या हातानं. घेतला आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं तो पटकन उजव्या हातात घेतला. बाईंनी पाहिलं होतं. त्या तिच्या हाताकडे पाहत राहिल्या आणि मग चहा होईपर्यंत दादांशी पावसापाण्याचं बोलल्या.

परतीच्या गाडीवर त्यांना सोडायला मी गेले. फलाटावर त्यांनी लटकन माझ्या हातात ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "त्या जागेचा कागद मी पुढच्या रविवारपर्यंत भरत नाही. तुझ्या आधीच्या कामाबद्दल मी कुणाला काही विचारणार नाही, तुझी फी माफच राहील. तू फक्त घरी बोल. तुझ्या वडिलांशी बोल. मी बोलले तर ते तिला खोटी ठरवणं होईल, आणि ती तुझ्यासाठी खोटं बोलली आहे." मी मान हलवली. गाडी गेली.

घरी आले तेव्हा आक्का अंगणात पेले घासत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "बाई काय बोलन्यात फलाटवर?"

मी म्हणाले, "काही नई."

"बरं," ती म्हणाली आणि राखेनं पुढचा पेला घासायला घेतला.

मी त्याच दिवशी सांगणार होते. मग म्हटलं, शनिवारी सांगू. शनिवारी गाडीत मी वाक्यं जुळवली, मराठीत आणि अहिराणीत, आणि घरी पोचले तर दादा हसतमुख होते. त्यांनी स्टेशनच्या साहेबांना सांगितलं होतं की शाळेच्या बाई माझ्या मुलीचं कौतुक करायला घरी येऊन गेल्या. ते कोट घालून पुन्हा तेच सांगत होते, या वेळी पोस्टमनला. मी जेवले. फुनके कुस्करले. आक्कानं मला तीन वाढले, मी न मागता. रविवार संध्याकाळपर्यंत दर गाडीला मला वाटत होतं, ही गेली की सांगते. शेवटची गाडी गेली. सोमवारी शाळेत एस्तेरबाईंनी हजेरी घेतली, माझं नाव आलं तेव्हा क्षणभर थांबल्या आणि पुढचं नाव घेतलं. त्या विषयावर त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. हस्तकलेत मला त्यांनी पास केलं, काठावर. त्यानंतरचं सगळं काम मी स्वतः केलं, वाकडंतिकडं.

वर्षभरात आक्काचं लग्न झालं, गुजरातच्या हद्दीपलीकडे एका शेतकरी घरात. माणसं वाईट नव्हती. जायच्या दिवशी मी ते लटकन तिच्या पत्र्याच्या पेटीच्या कडीला बांधलं, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. तिनं ते पाहिलं, बोटानं वाकडं फूल सरळ केलं, ते पुन्हा वाकडं झालं. मी म्हणाले, "आक्का, तुन्ही सुई फळीवर ऱ्हायनी."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तठे डावा हात चालत नई."

तिसऱ्या वर्षी तिच्या बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. तार त्या बाजूच्या स्टेशनवरून आमच्या स्टेशनवर आली. तारबाबूच्या जागी यंत्रापाशी तेव्हा दादाच बसले होते. टकटक ऐकत त्यांनी एकेक अक्षर कागदावर उतरवून घेतलं, नेहमीसारखं स्वच्छ, आणि खाली वेळ लिहिली. मग तो कागद हातात धरून ते क्वार्टरपर्यंत चालत आले. कोट अंगात असूनही ते त्या दिवशी मायशी अहिराणीत बोलले. पेटी सासरीच राहिली. लटकनही. मागायला कुणी गेलं नाही.

मी शिकले, बी.ए. झाले, नंदुरबारला पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. लग्नानंतर विणकामही शिकले, उजव्या हातानं, पुस्तकातल्या आकृत्या पाहून, आणि चांगलं शिकले. धुळ्याला गेली असती तर आक्का जगली असती, असं मी म्हणत नाही. तसं कुणाला म्हणता येणार? पण दोन वर्षं तरी तिचा डावा हात कुणी बांधला नसता. माय शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, "त्या दिन तुन्हा हात भाजेल नव्हता." मी म्हणाले, नव्हता. तिनं कूस बदलली.

तर ईरा, तुझं लटकन. महिनाभर मी रोज दुपारी कपाटाच्या आरशासमोर बसते. आधी उजव्या हातानं गोल घालते आणि आरशात बघते. आरशात तो डावा हात दिसतो. मग सुई खरोखरच्या डाव्या हातात घेते आणि तो हात जसा हलला तसा हलवायचा प्रयत्न करते. माझी बोटं आता सांध्यात सुजतात. पहिले वीस-बावीस गोल उसवले. ते बघून आक्का गांडूळच म्हणाली असती. सुई तीच आहे, सायकलच्या तारेची. दोरा दुकानातला, पण मी तो सोड्यात उकळून घेतला. काल तिसरं फूल झालं. तिन्ही काट्यांबरोबर फिरतात, मी भिंग लावून तपासलं. एक वाकडं आहे. ते मी मुद्दाम केलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येणाऱ्या देशपांडे काकूंबरोबर ते पाठवते आहे. बॅगेला बांध, कपाटात ठेवू नकोस. हरवलं तरी चालेल. तुमच्या तिथे त्या फुलाचं नाव कुणाला माहीत नसेल, विचारणारंही कदाचित कुणी भेटणार नाही. पण कधी वर्गात, बसमध्ये, कुणी थांबून ते हातात घेतलं आणि विचारलं की हे कुणी केलं, तर माझं नाव सांगू नकोस. सुमननं, असं सांग. खांडबाऱ्याच्या सुमननं.